खर्ऱ्याची पन्नी आणि तोंडातली बुरशी

आमच्या वडनेरला खर्रा कुठल्या साली आला याची नोंद कुठल्याही दप्तरात सापडणार नाही. पण तो येण्याआधीचं गाव मी पाहिलेलं आहे, आणि तो आल्यानंतरची तोंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आहेत. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून माझी सारी नोकरी गेली. मलेरियाच्या काचपट्ट्या, क्षयरोग्यांची थुंकी, हिमोग्लोबिन, साखर हे रोजचं काम. त्यात अधूनमधून कुणाच्या गालाच्या आतून खरवडून आणलेला पांढरा पापुद्रा यायचा. त्या पापुद्र्याबद्दल लिहायचं तर पानठेल्यापासूनच सुरुवात करावी लागते.

वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातलं, नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव. कापूस, तूर, आता सोयाबीन. सत्तरच्या दशकात माझ्या लहानपणी म्हाताऱ्यांच्या कमरेला चंची असायची. तिच्यात अडकित्ता, चुन्याची डबी, तंबाखूची पानं, सुपारीची खांडं. घरी पाहुणा आला की पानाचं तबक पुढं यायचं. पान बहुतेक रामटेककडच्या बरई लोकांच्या मळ्यातलं, कपुरी. सुपारी मात्र आमच्या मातीत होत नाही. ती कोकणातून, कर्नाटक-केरळातून नागपूरच्या इतवारीत यायची आणि तिथून तालुक्याच्या किराणा दुकानात. सुपारी फोडणं, पानाच्या शिरा काढणं, चुना लावणं, विडा बांधणं या सगळ्याला वेळ लागायचा. जेवण झाल्यावर एक, फार तर संध्याकाळी एक. बाया वावरात निंदायला, वेचायला जाताना तंबाखू-चुना मळून घेत, तेवढंच.

मग पान गेलं. माझ्या मते आमच्या भागातल्या तोंडाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना, आणि तिची दखल कुणी घेतली नाही. पान नाजूक, दोन दिवसांत सुकणारं, उन्हाळ्यात महाग होणारं. ठेलेवाल्यानं ते काढून टाकलं आणि उरलेलं सगळं एकत्र केलं. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून ती पन्नी पाटीवर हातानं रगड रगड रगडायची. याला आमच्याकडे खर्रा घोटणं म्हणतात. घोटता घोटता सुपारीला चुना आणि तंबाखू लागतो, मिश्रण ओलसर होतं, गरम होतं. पन्नीला गाठ मारली की झाला खर्रा तयार. पश्चिम महाराष्ट्रात याच्याच भावाला मावा म्हणतात. चंचीला कमरेला जागा लागत होती, विडा बांधायला बसावं लागत होतं. खर्रा शर्टाच्या खिशात मावतो, ट्रॅक्टरवर, ट्रकमध्ये, वेचणीच्या पातीत, शाळेच्या मधल्या सुटीत कुठंही चालतो. हायवेवरच्या गावात तो कसा पसरला असेल हे सांगायला नको. आता पन्नी दिवसभर खिशात राहते, चिमूट चिमूट गालात जाते आणि तासभर तिथंच दाबून धरली जाते. काही जण ती गालात ठेवून झोपतात.

पान गेलं याला मी इतकं महत्त्व का देतो, ते सांगतो. विड्याच्या पानात हायड्रॉक्सीचॅव्हिकॉल नावाचं द्रव्य असतं, आणि ते बुरशीला मारक आहे हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. म्हणजे जुन्या विड्यात जी एकच गोष्ट बुरशीच्या विरुद्ध उभी होती, ती खर्ऱ्यानं बाहेर काढली आणि सुपारी, तंबाखू, चुना हे तिघे ठेवले. यावरून विडा निर्धोक होता असं कुणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तंबाखूचा विडा कर्करोगकारक असल्याचं १९८५ मध्येच सांगितलं, आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नुसत्या सुपारीलाही पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या पदार्थांत घातलं. तंबाखू नसली तरी सुपारी पुरेशी आहे. हे वाक्य मी कितीदा कितीजणांना सांगितलं, तरी आमच्याकडे अजूनही 'मी तंबाखू खात नाही, सुपारीच खातो' हे अभिमानानं सांगितलं जातं.

आता त्या पापुद्र्याकडे येतो. गालाच्या आत, ओठांच्या कोपऱ्यामागं किंवा जिभेच्या कडेला पांढरा थर दिसला की डॉक्टर तो लाकडी पट्टीनं खरवडायचे. मी तो काचेवर घ्यायचो, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचो, वर दुसरी बारीक काच ठेवायचो आणि थोडा वेळ थांबायचो. त्या क्षारात माणसाच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात, बुरशी तशीच राहते. मग भिंगातून पाहिलं की दिसायच्या लहान गोल पेशी, काहींना फुटलेले कोंब, आणि त्यांतून निघालेले लांब, सरळ, मधूनच फांदी फुटलेले तंतू. ही कॅन्डिडा. निम्म्याच्या आसपास निरोगी माणसांच्या तोंडातही ती राहते, पण गोल पेशींच्या रूपात, काही न बिघडवता. तंतू दिसले म्हणजे ती रूप बदलून कातडीत शिरू लागली. लहान लेकरांच्या तोंडात तिचा पांढरा थर होतो, तो पुसला की निघतो. मधुमेही, रक्त कमी असलेले, कवळी रात्रंदिवस लावून ठेवणारे, दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणारे यांच्यात ती जोर करते. पण आमच्या भागात जे थर पुसून निघत नव्हते, ते बहुतेक खर्रा खाणाऱ्यांचे होते. पांढरा डाग, त्यात लालसर ठिपके, आजूबाजूचा गाल ताठ आणि फिका. काचपट्टीवर तंतूच तंतू.

हा ताठ गाल वैद्यकाच्या पुस्तकात कसा आला तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९५२ मध्ये श्वार्ट्झ या डॉक्टरनं केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांचं वर्णन केलं. त्यांच्या तोंडाचं आतलं अस्तर आखडत चाललं होतं. समुद्र ओलांडून गेलेल्या घरांनी सुपारी सोबत नेली होती, आणि रोगही. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी इथल्या रुग्णांत तेच पाहिलं आणि त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिलं. नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली दंतवैद्यांचं एक पथक उभं राहिलं. डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग त्यांच्याबरोबर होते. या पथकानं पुणे जिल्ह्यात घरोघर जाऊन १,०१,७६१ खेडुतांची तोंडं तपासली आणि १९७२ मध्ये त्याचा निष्कर्ष छापला. लाखभर माणसांना तोंड उघडायला लावणं, आत आरसा धरणं, प्रत्येकाची नोंद करणं! ज्यानं गावात एकदा तरी सर्वेक्षण केलं आहे त्यालाच या कामाचं वजन कळेल. दंतवैद्य दवाखान्यात बसून रुग्णाची वाट पाहत नाही, तो उंबऱ्यापर्यंत जातो, हे त्यांनी तेव्हा करून दाखवलं. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात याच मंडळींनी अशा ताठ झालेल्या तोंडांचा १७ वर्षं पाठपुरावा केला. १९८५ मध्ये त्यांनी लिहिलं की त्यांतल्या ७.६ टक्के लोकांना तोंडाचा कर्करोग झाला.

विदर्भाचा हिशेब २००७ मध्ये आला. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात डॉ. विनय हजारे आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या अशा १००० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका स्त्रीमागे जवळजवळ पाच पुरुष. पुरुषांत खर्रा आणि गुटखा, स्त्रियांत नुसती सुपारी. एकाच आजाराच्या एवढ्या रुग्णांचा अभ्यास नागपुरात व्हावा, यातच आमच्या भागाची स्थिती कळते.

बुरशीचा धागा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून वेगळ्या ठिकाणी विणला जात होता. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले आर. ए. कॉसन यांनी १९६६ मध्ये मांडलं की तोंडातले काही जुनाट पांढरे डाग मुळात कॅन्डिडाच्या दीर्घ संसर्गाचे असतात, आणि अशा डागांचं कर्करोगात रूपांतर होण्याची भीती इतर पांढऱ्या डागांपेक्षा जास्त असते. तेव्हापासून प्रश्न एकच आहे. बुरशी आधी येते आणि पेशी बिघडवते, की पेशी बिघडतात आणि त्या पडक्या घरात बुरशी राहायला येते?

कापूस पिकवणाऱ्याला मी हे बोंडावरून समजावतो. गुलाबी बोंडअळी बोंडाला भोक पाडते. त्या भोकातून पाणी शिरतं, बुरशी शिरते आणि बोंड सडतं. अळी नसती तर बुरशीला आत जाता आलं नसतं. पण एकदा आत गेली की बोंडाचं उरलंसुरलं वाटोळं तीच करते, अळी एकटीनं इतकं करत नाही. खर्रा ही अळी. सुपारीचा खरखरीतपणा आणि चुना यांनी गालाचं अस्तर रोज सोलवटतं, सुपारीतल्या अरेकोलीन या द्रव्यानं त्याखालचे तंतू घट्ट होत जातात, रक्तपुरवठा कमी होतो, अस्तर पातळ पडतं. मग कॅन्डिडाला रान मोकळं.

आत शिरल्यावर ती काय करते, हे गेल्या काही दशकांत हळूहळू उलगडलं. एक म्हणजे ती दारू आणि साखरेपासून ॲसिटाल्डिहाइड तयार करते. हे रसायन पेशीच्या जनुकांना थेट इजा करतं. दुसरं, तिच्या काही जाती नायट्रोसमाइन बनवू शकतात. तंबाखूत जी कुप्रसिद्ध विषं आहेत त्यांच्याच कुळातली ही. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. २०१६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवलं की कॅन्डिडाचे तंतू कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडतात, ते पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. इजा झालेली पेशी शरीराला हाका मारते, सूज येते, पांढऱ्या पेशी धावून येतात. चार दिवसांच्या संसर्गात ही सूज आपल्याला वाचवते. वर्षानुवर्षं चालली तर तीच सूज पेशींना सतत वाढायला सांगत राहते, आणि वाढता वाढता चूक होण्याची संधीही वाढत जाते.

मेलबर्नच्या संशोधकांनी १९९२ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात कर्करोग घडवणाऱ्या रसायनाच्या जोडीला कॅन्डिडा असेल तर तोंडातल्या गाठींना चालना मिळते असं दिसलं. २०२२ मध्ये हंगेरीतल्या सेगेडच्या संशोधकांनी तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी आणि उंदीर दोन्हींत हेच वेगळ्या अंगानं दाखवलं. आधीच झालेला कर्करोग कॅन्डिडाच्या सहवासात अधिक आक्रमक होतो, पसरण्याकडे झुकतो. माणसांत याचा सर्वांत बोलका पुरावा फिनलंडमधला आहे. तिथे एका जनुकदोषामुळे काही लोकांना लहानपणापासून तोंडात कॅन्डिडाचा संसर्ग राहतो, आणि त्यांच्यातल्या काहींना तरुण वयातच तोंडाचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग होतो.

तरीही माझं मत मी जपून मांडतो. एकट्या बुरशीनं आमच्या गावात कर्करोग आणला, असं म्हणायला कुठलाच आधार नाही. बुरशीचं औषध घेतलं म्हणजे खर्रा खायला मोकळीक, असं तर मुळीच नाही. खर्रा सुरू ठेवून बुरशी मारली तर ती महिनाभरात परत येते. ज्या तोंडात खर्रा आणि बुरशी दोघं एकत्र नांदतात, ते तोंड नुसत्या खर्ऱ्याच्या तोंडापेक्षा जास्त धोक्यात आहे, एवढं मी ठामपणे म्हणतो. आणि त्यातली बुरशी काचपट्टीवर अर्ध्या तासात दिसते.

तोंडाबाहेर हे संशोधन आता स्वादुपिंडापर्यंत गेलं आहे. २०१९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात लिहिलं की कातडीवर राहणारी मॅलॅसेझिया ही बुरशी आतड्यातून स्वादुपिंडात जाते आणि तिथल्या कर्करोगाला बळ देते. त्याच नियतकालिकात २०२३ मध्ये दुसऱ्या गटानं तीच माहिती पुन्हा तपासून या दाव्यावर शंका घेतली. २०२२ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं आणि कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी ३५ प्रकारच्या कर्करोगांतल्या १७,४०१ नमुन्यांत बुरशीचे अंश शोधल्याचं सांगितलं. ते अंश फारच थोडे होते. नमुना काढताना, हाताळताना हवेतली बुरशी त्यात मिसळली का, हा वाद चालू आहे. प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला ही शंका लगेच पटते. उघडी राहिलेली बाटली, जुना रंग, नीट न धुतलेली काच यांतूनही भिंगाखाली बुरशी दिसते. तोंडाची गोष्ट वेगळी, कारण तिथं ती डोळ्यांना दिसते, खरवडता येते आणि तुकडा काढून रंगवला तर अस्तरात घुसलेले तंतूही दिसतात.

आता सुपारीबद्दल. सुपारी वाळवायला चांगलं पाच-सहा आठवडे ऊन लागतं. ऊन कमी पडलं, पोती ओलीत राहिली की तिच्यावर अस्परजिलस जातीची बुरशी चढते. यातल्या काही बुरशा अॅफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात. या विषाचा शोध १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लागला, बुरशी आलेल्या ब्राझीलच्या भुईमुगाची पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले तेव्हा. यकृताचा कर्करोग करणाऱ्या पदार्थांत ते आज सिद्ध मानलं जातं. आपल्या देशातल्या बाजारातल्या सुपारीच्या नमुन्यांतही ते सापडलेलं आहे. तोंडाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध यकृताइतका सिद्ध नाही, पण ते गालात तासभर दाबून धरण्यात कसलाही शहाणपणा नाही.

नागपूर हे सुपारीचं मोठं केंद्र आहे आणि तिथं 'सडकी सुपारी' हा शब्द वर्तमानपत्रांत नेहमी येतो. बुरशी आलेली, काळी पडलेली सुपारी गंधकाची धुरी देऊन उजळवतात आणि चांगल्या मालात मिसळतात. अन्न व औषध प्रशासनाचे छापे पडतात, गोदामं सील होतात. २०२२ च्या अखेरीस सक्तवसुली संचालनालयानं नागपूर-मुंबईतल्या व्यापाऱ्यांवर छापे घातले. म्यानमारच्या सीमेवरून इंडोनेशियाची सुपारी चोरून आणल्याचा तो मामला होता. अशी सुपारी अख्खी विकली तर गिऱ्हाईक रंगावरून, वासावरून ओळखेल. बारीक कातरून तंबाखूत घोटली की ओळखणार कोण? चंचीवाला म्हातारा अडकित्त्यानं सुपारी फोडायचा आणि आत काळी निघाली तर फेकून द्यायचा. खर्ऱ्यात ही तपासणीच उरली नाही.

बुरशीचं नाव घरोघरी पोचलं ते २०२१ च्या उन्हाळ्यात. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस आली. साखर वाढलेली, स्टिरॉइड घेतलेलं शरीर, आणि नाकातून डोळ्याकडे, जबड्याकडे धावणारी बुरशी. केंद्रानं २० मे २०२१ रोजी राज्यांना ती नोंदणीयोग्य आजार जाहीर करायला सांगितलं. नागपुरात, वर्ध्यात जबडे काढावे लागले, डोळे काढावे लागले. तिच्यावरचं औषध अॅम्फोटेरिसिन बी, जे १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं होतं, ते कुठंच मिळेना. तेव्हा वर्ध्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीनं मे महिन्याच्या शेवटी ते बनवायला घेतलं. सात हजारांच्या इंजेक्शनची किंमत बाराशे ठरली. आमच्या जिल्ह्यानं अडचणीत केलेल्या या कामाचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्या उन्हाळ्यानं एक गोंधळही करून ठेवला. लोकांच्या डोक्यात बुरशी म्हणजे आठ दिवसांत डोळा खाणारी काळी बुरशी एवढंच बसलं. गालातला पांढरा, न दुखणारा डाग वर्षानुवर्षं राहतो म्हणून तो बुरशीच नाही, असं लोक मानायला लागले.

या पांढऱ्या बुरशीवरची औषधं आपल्याला नवी नाहीत. मी नोकरीला लागलो तेव्हा जेन्शियन व्हायोलेट होतं, लेकरांच्या तोंडाला लावायचं जांभळं औषध. न्यूयॉर्कच्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी १९५० मध्ये निस्टॅटिन जगासमोर आणलं. आणि आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला हॅमायसिन शोधलं. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याला पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असं नाव आहे. महाराष्ट्राच्या मातीतून निघालेलं हे औषध इथल्याच तोंडांतल्या बुरशीवर चालत होतं, ही गोष्ट आमच्या शाळांच्या विज्ञानाच्या तासाला सांगायला हवी. आज औषधाच्या दुकानात क्लोट्रिमॅझोलचा माउथ पेंट सहज मिळतो.

सहज मिळतो, इथंच घात होतो. आमच्या शेजारच्या एका काकूंची गोष्ट सांगतो. तंबाखूला त्यांनी कधी हात लावला नाही, फक्त सुपारी. वेचणीला जाताना पदराच्या गाठीत, रात्री उशाशी. आधी ठेचा खाणं सुटलं. 'तिखट लागलं का तोंडात आग होते जी,' म्हणायच्या, 'मले वाटलं उष्णता असंन.' मग भाकरीचा घास लहान झाला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन फार कमी. गालात पांढरा डाग होता, तो खरवडला, मी पट्टी पाहिली, तंतू भरपूर होते. डॉक्टरांनी औषध दिलं आणि दोन आठवड्यांनी परत यायला बजावलं. औषधानं लाली गेली, आग कमी झाली, आणि काकूंना वाटलं, झालं बरं. पांढरा डाग तसाच होता. नंतर त्या दुकानातून तीच बाटली पुन्हा पुन्हा घेत राहिल्या. तुकडा काढून तपासायला चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, 'कापूस निघू दे, मंग जाऊ.' कापूस निघाला, तूर निघाली, लग्नसराई आली. गेल्या तेव्हा गळ्यात गाठ लागली होती. बुरशीचं औषध घेऊनही जो डाग उरतो तोच खरा डाग, आणि त्याचा तुकडा तपासायलाच हवा, हा नियम जगभरच्या दंतवैद्यकात आहे. काकूंना तो सांगितला गेला होता. पण ज्या घरात दवाखान्यात जायची तारीख कापसाच्या वेचणीवर ठरते, तिथं नियम सांगून भागत नाही, कुणीतरी सोबत जावं लागतं.

कायद्याची बाजू थोडक्यात. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, गांधीजी आणि विनोबांच्या कर्मभूमीचा मान म्हणून. गांधीजींनी १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकात दारूबरोबर तंबाखूवरही कठोर लिहिलं होतं. जिल्ह्यानं पहिला अर्धा भाग कायद्यात घेतला, दुसरा राहिला. जुलै २०१२ मध्ये राज्यानं गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली, आणि नंतरच्या आदेशांत सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा, मावा हेही आले. कंपनीच्या पुडीवर छापा घालता येतो. खर्ऱ्याला कारखाना नाही, तो ठेल्यावर गिऱ्हाइकासमोर दोन मिनिटांत घोटला जातो, त्यामुळे बंदी कागदावर राहिली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरणारे निघाले. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं, सरकार आणि टाटा ट्रस्टबरोबर, २०१६ पासून मुक्तिपथ चालवला आहे. गावानंच ठराव करून ठेल्यावरचा खर्रा बंद करायचा, ही त्याची रीत. वर्ध्याला ही रीत उचलायला कुणी अडवलेलं नाही.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी उभ्या केलेल्या या महाविद्यालयात, २०१० पासून जिल्ह्याची कर्करोग नोंदणी चालते. विकृतिशास्त्राचे डॉ. नितीन गंगणे यांनी ती उभी केली. वडनेरच्या माणसाला कर्करोग झाला, तो नागपूरला गेला, मुंबईला गेला, तरी त्याचा हिशेब त्या नोंदवहीत लागावा अशी तिची रचना आहे. तिच्यात पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग आघाडीवर आहे. मला या नोंदवहीत एकच भर हवी वाटते. तुकडा तपासताना त्यात बुरशीचे तंतू होते की नाही, हेही प्रत्येकाच्या नावापुढं लिहिलं जावं. एक जादा रंग, एक जादा ओळ. दहा वर्षं असं लिहिलं तर कॉसन यांनी १९६६ मध्ये उभ्या केलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्यात वर्धा जिल्ह्याचा वाटा मोठा असेल, कारण खर्रा आणि बुरशी इतक्या तोंडांत एकत्र दुसरीकडे क्वचितच सापडतील.

वाचणाऱ्यांपैकी जे खर्रा, मावा, सुपारी खातात त्यांना माझी विनंती आहे. आज दिवसाउजेडी आरशासमोर उभे राहा आणि तोंड पूर्ण उघडा. स्वतःची तीन बोटं उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घाला. जात नसतील, तिखट सोसत नसेल, किंवा पुसून न निघणारा पांढरा वा लाल डाग दिसत असेल, तर दंतवैद्याकडे जा. बुरशी निघाली तर औषध पूर्ण घ्या, साखर आणि रक्त तपासा. दोन आठवड्यांनी डाग राहिला आणि तुकडा काढू म्हणाले तर त्याच दिवशी होकार द्या. कापूस थांबेल.